नांदेडकरांची दिल्ली हिंडनलाच उतरू द्या

महोदय,

नांदेडच्या विमानसेवेविषयी आपल्या अंकात अधूनमधून वाचायला मिळते. चर्चा बहुतेक वेळा मुंबई-पुण्याभोवतीच फिरते. दिल्लीकडच्या टोकाबद्दल कुणी लिहीत नाही. मी मूळचा नांदेडचा, बरीच वर्षे गाझियाबादला राहतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

स्टार एअरने 31 मार्च 2024 पासून आदमपूर (पंजाब)-हिंडन-नांदेड-बेंगळुरू अशी सेवा सुरू केली. यातले हिंडन म्हणजे पालम, म्हणजे दिल्लीचा मुख्य विमानतळ नव्हे. ते यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशात आहे. धावपट्टी हवाई दलाची आणि तिच्याजवळ सिकंदरपूर गावी विमानतळ प्राधिकरणाने बांधलेले छोटेसे टर्मिनल. उद्घाटन मार्च 2019 मध्ये झाले. ऑक्टोबरात पहिले विमान उत्तराखंडातल्या पिथोरागढला गेले, तेही नऊ आसनांचे! आमच्या नातेवाइकांना हिंडन हे नाव कळले ते ऑगस्ट 2024 मध्ये, शेख हसीना ढाक्याहून थेट तिथे उतरल्या तेव्हा.

सचखंड एक्स्प्रेसने नांदेडहून दिल्ली गाठायला एक दिवस-रात्र जाते. स्टार एअरच्या एम्ब्राएर 175 विमानात 76 आसने असतात. हुजूर साहिबला जाणारे पंजाब-दिल्लीचे भाविक, परीक्षेची तयारी करणारी मराठवाड्यातली मुले, दिल्लीत कामे घेऊन येणारी माणसे यांच्यासाठी हे विमान पुरेसे मोठे आहे. प्रश्न ते टिकण्याचा आहे. ‘उडान’ योजनेची जी पहिली विमाने 27 एप्रिल 2017 रोजी उडाली त्यांत नांदेड-हैदराबादही होते. ट्रूजेटची ती सेवा पुढे बंद पडली. फीत कापताना सगळे हजर असतात, सेवा थांबते तेव्हा कुणाला पत्ता नसतो.

आता हिंडनचे दुखणे. दिल्ली विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको आहे. मार्च 2025 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस आणि जुलैत इंडिगो हिंडनला आली. हिंडनहून होणाऱ्या अशा उड्डाणांविरुद्ध कंपनीने न्यायालयात धाव घेतली आहे. कंपनीचे गणित मला कळते. पण शाहदरा, साहिबाबाद, मेरठकडच्या माणसाने अख्खी दिल्ली ओलांडून पालमला का जावे? तेवढ्या वेळात विमान नांदेडला पोचते. ‘आता नोएडापलीकडे जेवरला मोठा विमानतळ आहे, मग हिंडन कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी गाझियाबादहून जेवरला एकदा संध्याकाळच्या रहदारीत जाऊन बघावे.

हवाई दलाची गरज आधी, हे मान्यच. मे 2025 मध्ये जे 32 विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले त्यांत हिंडन होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार साध्या गोष्टींची आहे. मेट्रो टर्मिनलपर्यंत जात नाही. लाल मार्गावर ‘हिंडन रिव्हर’ नावाचे स्थानक आहे, पण ते नदीकाठचे, विमानतळाचे नव्हे. नवख्या माणसाने तिथे उतरून ‘विमानतळ कुठे’ म्हणून विचारले तर रिक्षावाला त्याला बरोबर ओळखतो आणि भाडेही त्याच हिशेबाने सांगतो. त्याच मार्गावरच्या शहीद स्थळ स्थानकाहून विमानांच्या वेळा सांभाळणारी एक बस सोडली तरी पुष्कळ झाले. पुढचे परदेशी विमान पालमहून असेल, तर मध्ये पूर्ण शहर आडवे येते. हे तिकीट काढतानाच ठळकपणे सांगितले पाहिजे.

नांदेड, हिंगोली, परभणीच्या खासदारांनी एवढे करावे: नांदेड-हिंडन सेवा आठवड्यात किती दिवस आणि कुठपर्यंत चालणार, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडून लेखी घ्यावे आणि ते उत्तर आपल्या दैनिकाकडे छापायला द्यावे.

– एक नांदेडकर, गाझियाबाद