शनिवारच्या सभेत वचन सांगणाऱ्या लेकीस

शरणपूर, नाशिक

चि. ताईस,
मम्मीचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या ऑनलाइन प्रार्थनासभेत आता महिन्यातून एकदा वचन तू सांगायचंस असं ठरलं, हे तू ड्यूटीला निघता निघता सांगितलंस आणि फोन ठेवलास. पप्पा लगेच सगळ्या कंपाउंडला सांगून आले. मलाही आनंद झाला. पण फोनवर मी चार गोष्टी सांगायला लागले की तुझं "हो मम्मी, हो मम्मी" सुरू होतं, म्हणून लिहायला बसले. पत्राला तुला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येणार नाही.

ही सभा कशी सुरू झाली ते तुला आठवत असेल. 2020 च्या मार्चअखेर चर्चला कुलूप लागलं आणि 12 एप्रिलला ईस्टर आला. ईस्टरला घरात बसायचं ही कल्पनाच कुणाला सहन होईना. कुणाच्या तरी मुलानं झूमची लिंक पाठवली आणि सगळे आपापल्या स्वयंपाकघरातून, गॅलरीतून हजर झाले. पहिलं गीत सुरू झालं आणि नुसता गोंधळ. पुण्याचा आवाज अर्धी ओळ मागे, शारजाचा एक ओळ मागे, ढोलकी तिसरीकडेच. शेवटी ठरलं की एकानं गायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून आपापल्या घरी म्हणायचं. तेव्हापासून आपण गातो सगळे, पण ऐकू येतो तो पुढाऱ्याचा आणि आपला स्वतःचा आवाज. पप्पांना आपला आवाज इतका स्पष्ट पहिल्यांदाच ऐकू आला असावा. त्यानंतर ते सूर जरा सांभाळून लावायला लागले. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तुमच्या आयर्लंडातल्या गॉलवेला हिवाळ्यात दुपारचे तीन. तरी तू नाइट करूनसुद्धा येतेस.

आपल्या चर्चमधल्या काही जाणत्यांना हा सगळा पोरखेळ वाटतो. मला वाटत नाही. नव्या करारातल्या 27 पुस्तकांपैकी 21 पत्रं आहेत. प्रेषित पौल तुरुंगात, मंडळी फिलिप्पैत. भेट शक्य नाही म्हणून लिहिलं. रोमला जायचं मनात होतं, जमेना, म्हणून आधी पत्र गेलं आणि ते बहुधा फिबी नावाच्या बहिणीनं नेलं. कलस्सैकरांना तो सांगतो की हे पत्र वाचून झाल्यावर लावदिकीयात वाचायला द्या आणि तिकडचं तुम्ही मागवून वाचा. आपल्याकडेही 1842 साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हा ख्रिस्ती अंक निघायला लागला, तो कशासाठी? एका खेड्यात एक ख्रिस्ती घर, दुसऱ्या तालुक्यात दोन. त्यांना एकमेकांची खबर मिळावी आणि चार शब्द शिकवण मिळावी, हेही त्याचं एक काम होतं. दूर राहून एकमेकांना धरून ठेवणं आपल्या लोकांना काही मोबाइलनं शिकवलेलं नाही.

फरक एकच आहे, आणि मला सांगायचंय ते तेवढंच. ती पत्रं मंडळीत अख्खी वाचली जात. आपल्या ग्रुपवर सगळं तुकड्यांनी येतं. वचन अध्यायातून तोडलेलं, विनंती माणसापासून तोडलेली. तू वचन सांगणार असशील तर तुकडे वाटू नकोस.

रोज सकाळी ग्रुपवर सूर्योदयाच्या चित्रावर यिर्मया 29:11 येतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. कुणाच्या व्हिसाला ते लागतं, कुणाच्या बारावीच्या निकालाला, कुणाच्या फ्लॅटच्या बुकिंगला. वचन खरंच आहे, मी कुठं नाही म्हणते? पण ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना आहे. यरुशलेमहून यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलं आणि सिद्कीया राजाची माणसं बाबेलला जात होती त्यांच्या हाती दिलं. त्यात 11 च्या आधी 10 आहे, आणि 10 मध्ये सत्तर वर्षं आहेत. सत्तर! ज्या कर्त्या माणसांनी ते पत्र ऐकलं, त्यांच्यातले बहुतेक जण तिथेच मरणार होते. हिताचे संकल्प त्यांना नातवंडांच्या हिशेबानं ऐकायचे होते.

आणि त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय तर ग्रुपवर मी कधीच पाहिला नाही. बाबेलच्या राजापुढं मान वाकवा हे दाखवायला यिर्मया मानेवर जोखड घालून फिरतो आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उठतो आणि म्हणतो, दोन वर्षं, फक्त दोन वर्षांत बाबेलला नेलेलं सगळं परत येईल. आणि ते जोखड काढून मोडून टाकतो. लोकांना कोण आवडला असेल? तू त्या वेळी तिथं असतीस, तर तूसुद्धा हनन्यालाच आमेन म्हणाली असतीस. मीही. तो काही नास्तिक नव्हता. "परमेश्वर असे म्हणतो" याच शब्दांनी त्यानं सुरुवात केली होती.

तुझ्या मोबाइलवर आज हनन्या पुष्कळ आहेत. एकवीस दिवसांत नोकरी, या महिन्यात दार उघडणार, खाली क्यूआर कोड आणि "विश्वासाचं बीज पेरा". मी सगळ्यांना एका दावणीला बांधत नाही. त्यातले काही मनापासून बोलतात. पण पैशाचं बोलायचं तर पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेऊन गेला, कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून. दुसरं करिंथकर, आठवा अध्याय. पौलाला साक्षीदार लागला आणि या लोकांना लागत नाही, याचं मला नवल वाटतं.

एकोणतिसावा अध्याय शेवटपर्यंत वाच. तिकडे बाबेलात शमाया नावाचा एक जण हे पत्र ऐकून इतका चिडला, की त्यानं उलट यरुशलेमला पत्रं धाडली. हा यिर्मया म्हणतो की बंदिवास लांबणार, घरं बांधा, मळे लावा. याला खोड्यात का घातलं नाही? म्हणजे ग्रुपमध्ये एकाच्या मजकुरावर दुसऱ्यानं आग ओकणं ही रीतही जुनीच.

तुला मात्र त्या अध्यायातलं सातवं वचन घ्यावंसं वाटतं का बघ. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हिताची चिंता करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या शांतीत तुमची शांती. आपण दर शनिवारी नाशिकसाठी, महाराष्ट्रासाठी, भारतासाठी प्रार्थना करतो. तू, शारजाचे ते दोघं, मेलबर्नची ती मुलगी, तुम्ही आपापल्या शहरांसाठी कधी केली? तुझ्या वॉर्डातल्या आयरिश म्हाताऱ्या माणसांसाठी? हे तुझ्याइतकं आपल्या ग्रुपमध्ये कुणालाच सांगता येणार नाही. तू तिथं राहतेस.

तयारीचं थोडं. पं. रमाबाईंचं बायबलचं भाषांतर आजीच्या पेटीत आहे, मला हवं ते पान फोटो काढून पाठवता येईल. बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून ते काम केलं, 1922 मध्ये त्या गेल्या आणि अख्खं पुस्तक 1924 साली त्यांच्या मुक्ती मिशनमधून बाहेर आलं. आपलं बायबल सोसायटीचं आणि ते शेजारी ठेवून वाचलं की कुठं थांबून विचार करायचा ते कळतं. यूट्यूब त्यानंतर. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं ऐकलं आणि तो म्हणतो ते असंच आहे का हे रोज शास्त्रात शोधलं, आणि लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. पौलाला तपासलेलं चाललं, तर तुला कुणी तपासलं म्हणून रुसायचं नाही.

आणि तुला कुणाचं चुकीचं वाटलं तर ते ग्रुपवर लिहू नकोस. आपले ते काका रोज जगाच्या शेवटाची तारीख पाठवतात, मला ठाऊक आहे तुझे हात शिवशिवतात. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी अपुल्लोला सभास्थानात बोलताना ऐकलं, शिकवण अपुरी होती, पण तिथं उभं राहून टोकलं नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. काकांना फोन कर. तुझा फोन आला तर ते आठवडाभर खूश असतात.

आता प्रार्थनेच्या विनंत्या. यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथं मी फार वाईट होताना पाहिलं. आपल्याच ग्रुपमधल्या एका बाईनं फक्त चौघींना सांगितलेली गोष्ट, सुनेचं पोट पडल्याची, तिसऱ्या दिवशी तीन ग्रुपांवर "अर्जंट प्रेयर" म्हणून फिरत होती, नावासकट, हॉस्पिटलसकट. सुनेला ती कळली माहेरच्या चर्चमधून. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी प्रार्थनाही केली असेल. ती मुलगी मात्र त्यानंतर सभेला आली नाही आणि मला तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

तू नर्स आहेस, मीही होते. पेशंटचा केसपेपर आपण ओपीडीच्या भिंतीला चिकटवतो का? त्यावर काळजी घ्या असं लिहून? विनंती हा केसपेपरच आहे. ज्याची आहे त्याला विचारायचं, किती सांगू, कुणाला सांगू. नाव नको म्हणाला तर नाव नाही. "एका बहिणीसाठी" एवढ्यावर प्रार्थना करता येते. प्रभूला पत्ता लागत नाही. आणि एकदा घेतलेली विनंती वहीत लिहून ठेव. दोन आठवड्यांनी त्या माणसाला विचार, पुढं काय झालं? आपल्याकडे बरं झालं की साक्ष देतात, टाळ्या वाजतात. ज्यांचं बरं झालं नाही त्यांचं नाव यादीतून गुपचूप गळतं. त्यांना कुणीतरी विचारायला हवं. वचन सांगणाऱ्यानं विचारलं तर आणखी बरं.

हात जोडलेल्या चित्रांबद्दल तर काय बोलू. पप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ग्रुपवर आमेनची रांग लागली होती, मी वाचूनसुद्धा दाखवली त्यांना. त्यातले दोघं आपल्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात. एक डबा आला नाही. ऊब घ्या, तृप्त व्हा असं तोंडानं म्हणून काही न देणाऱ्याला याकोबानं काय सुनावलं आहे ते तू वाचच, दुसऱ्या अध्यायात. उलट शारजाच्या मुलानं तिकडून आपल्या भावाला स्कूटर घेऊन पाठवलं, रोज ड्रेसिंगला न्यायला. तेव्हा दूर आणि जवळ यांचा हिशेब मी फार सरळ मांडत नाही.

आणि आपल्या कोपऱ्यावरच्या आजी. कित्येक वर्षं खाटेवर. चर्चमध्ये त्यांचं नाव फक्त ख्रिसमसच्या भेटीच्या यादीत असायचं. आता नातू फोन उशीला टेकवून देतो आणि सगळ्यात लांब प्रार्थना त्यांचीच असते. नेटवर्क गेलं तरी त्या थांबत नाहीत, परत आलं की दुसऱ्या कुटुंबावर पोहोचलेल्या असतात. या सभेला कुणी नावं ठेवली की मी त्यांना आजींकडे बसायला सांगते.

तरी तुझ्यासाठी मला ही सभा पुरेशी वाटत नाही. चिडू नकोस. योहान दुसऱ्या पत्रात लिहितो की पुष्कळ सांगायचं आहे, पण कागद आणि शाईनं नको, तोंडोतोंड बोलू. तू आजारी पडलीस तर याकोब म्हणतो तसं तेल लावून प्रार्थना करायला नाशिकहून कुणी येणार आहे का? 2020 मध्ये आपल्यातल्या काहींनी घरच्या पावावर, सरबतावर झूमवरच प्रभुभोजन घेतलं. पप्पांनी घेतलं, मी नाही घेतलं. आमचं त्यावर अजून एकमत नाही, आणि पप्पा चिडतात म्हणून मी आता तो विषय काढत नाही. पण तू कुठंच घेत नाहीस हे बरोबर नाही.

तू फोटो पाठवला होतास बघ, शनिवारी बाजार भरतो त्याच्या शेजारचं जुनं दगडी चर्च, सेंट निकोलस. 1320 चं आहे ते. चर्च ऑफ आयर्लंडचं, म्हणजे अँग्लिकन. आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 साली नागपुरात सहा मंडळ्यांचं मिळून झालं, त्यात अँग्लिकनही होते, आणि त्यांचं आपलं प्रभुभोजनाचं नातं आजही आहे. तुला तिथं परकं म्हणून मागच्या बाकावर बसायची गरज नाही. इथल्या पाळकांकडून पत्र हवं असेल तर मी आणून पाठवते. इंग्लिश उपासना कळते तुला. गीतं नवीन वाटतील, पण निम्म्या चाली ओळखीच्या निघतील. जा एका रविवारी. उपासना झाल्यावर चहा असतो म्हणे, तो न पिता पळू नकोस.

पहिल्यांदा वीस मिनिटांच्या वर बोलू नकोस. पप्पा विचारतायत, गीत तू निवडणार की त्यांनी निवडायचं? त्यांनी निवडलं तर सगळी कडवी म्हणतील, म्हणून गुरुवारपर्यंत कळव. अध्यायही कळव, म्हणजे आजींच्या नातवाला आधी वाचून दाखवायला सांगता येईल.

तुझ्या रूममेटला सलाम सांग.

तुझी,
मम्मी