कायो सान्तियागोच्या हजेरीत खाडा पडू देऊ नका

मा. आरोग्य व मानवी सेवा मंत्री, अमेरिका, यांस

सविनय नमस्कार.

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको या अमेरिकी बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळचं कायो सान्तियागो हे जेमतेम 15 हेक्टरांचं बेट. तिथल्या माकडांचे पूर्वज आमच्याकडचे, म्हणून हे पत्र. 1938 साली माकडांचे अभ्यासक क्लॅरेन्स कारपेंटर यांनी भारतातून 409 ऱ्हीसस माकडं जहाजाने नेऊन तिथे मोकळी सोडली. मग महायुद्ध आलं, पैसा आटला, माकडांची उपासमार झाली. पुष्कळशी प्रयोगशाळांकडे रवाना झाली.

1956 मध्ये संशोधक स्टुअर्ट ऑल्टमन यांनी उरलेल्या प्रत्येक माकडाला गोंदून खूण दिली आणि हजेरी सुरू झाली. पोर्तो रिको विद्यापीठाची माणसं आजही रोज होडीने बेटावर जातात, गोंदलेली अक्षरं आणि कानांवरच्या खाचा पाहून कोण जन्मलं, कोण मेलं, कोण कळप सोडून गेलं ते टिपतात. दुपारी डबा खायचा तर माणसं पिंजऱ्यात बसतात, माकडं बाहेर हिंडतात! या नोंदींमुळेच पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ हाती आहे. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो आणि धाकटी थोरलीच्या वर जाते, हेही इथे दिसून आलं.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक झाडी झोपवली. सावली दुर्मीळ झाली, तशी एरवी एकमेकांवर दात विचकणारी माकडं एकाच सावलीत दाटीवाटीने बसू लागली. जी इतरांना जवळ बसू देत होती, ती जास्त जगली. वादळाआधीची वर्षानुवर्षांची हजेरी नसती, तर हा बदल ताडून पाहायला काहीच नव्हतं. विद्यापीठाच्या संग्रहात याच माकडांचे सांगाडेही आहेत. म्हणजे हाडं हाती घेतली की त्या जिवाचं सगळं आयुष्य वहीत सापडतं.

बेटावरचं हे संशोधन केंद्र आपल्या खात्याखालच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानावर चालतं. अनुदान मुदतीचं असतं, माकडाचं आयुष्य मात्र वीस-पंचवीस वर्षांचंही असतं. शिवाय भारताने 1978 पासून माकडांची निर्यात बंद केली. ती योग्यच केली, असं मला वाटतं. पण त्यामुळे हा कळप मोडला तर तो पुन्हा उभा राहणार नाही.

म्हणून मागणी एवढीच: रोजची हजेरी, होडी, चारा आणि नोंदणाऱ्यांचे पगार यांचा खर्च संशोधनाच्या अनुदानांपासून वेगळा काढा आणि तो किमान दहा वर्षांसाठी बांधून द्या. पैसा कमी पडला म्हणून कळपच्या कळप बेटावरून हलवण्याची वेळ येऊ देऊ नका.

आपली नम्र,
प्राणिवर्तनाची एक विद्यार्थिनी