हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवास

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांवरील लेखासोबत जी चौकट आहे, तीत कॅनडातील इकालुइत आणि ग्रीनलंडची राजधानी नूक या दोन विमानतळांमधील अंतर ८२० किलोमीटर व प्रवासाचा वेळ दीड तास असा दिला आहे. अंतर बरोबर आहे, जवळपास मुंबई-बंगळूरइतकेच. वेळ मात्र नुसत्या अंतरावरून अंदाजाने काढलेली दिसते, आणि त्यावरून या दोन गावांत रोजची ये-जा असावी, असा वाचकाचा समज होतो.

इकालुइत ही नुनावुत प्रदेशाची राजधानी असली, तरी तिथे बाहेरून येणारा एकही रस्ता नाही आणि समुद्र गोठला की जहाजेही थांबतात. धावपट्टी मात्र उत्तम आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्याने तिथे विमानतळ उभारण्यास सुरुवात केली आणि पुढे २००६ मध्ये एअरबस ए-३८० या अवाढव्य विमानाची कडाक्याच्या थंडीतील चाचणीही तिथेच झाली. अडचण कॅनडा व ग्रीनलंड यांच्यामधील डेव्हिस सामुद्रधुनीच्या पलीकडे होती. नूकची धावपट्टी २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत अवघी ९५० मीटरची असल्याने तिथे डॅश-८ सारखी पंख्याची छोटी विमानेच उतरत, आणि कोपनहेगनहून मोठ्या विमानाने येणाऱ्यांना ग्रीनलंडमधल्याच कांगर्लुसुआक येथे उतरून विमान बदलावे लागे. आता तिथे २,२०० मीटरची नवी धावपट्टी झाली आहे.

पण धावपट्टी लांब झाली म्हणून फेरी सुरू होतेच, असे नाही. नूक-इकालुइत थेट सेवा २०१२ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच प्रवाशांअभावी बंद पडली. २०२४ च्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली, तीही उन्हाळ्यापुरती आणि आठवड्यातून एकदाच. थेट विमान नसेल, तेव्हा इकालुइतहून दक्षिणेला ओटावा, तिथून माँट्रियल, मग अटलांटिक ओलांडून आइसलँड आणि पुन्हा पश्चिमेकडे नूक असा सात हजार किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. वाटेतले मुक्काम आणि तिकिटाचा खर्च वेगळाच. सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर एकाच वंशाचे, परस्परांशी नाते असलेल्या भाषा बोलणारे इन्युइट हे मूळ रहिवासी राहतात, त्यामुळे हा वळसा केवळ हौशी पर्यटकांच्या वाट्याला येतो असे समजू नये.

घड्याळाचाही मुद्दा चौकटीत सुटला आहे. डॅश-८ ला हे अंतर कापायला सुमारे दोन तास लागतात आणि दोन्ही गावांच्या स्थानिक वेळेत तीन तासांचा फरक आहे. म्हणजे नूकहून दुपारी दोनला निघालेला प्रवासी इकालुइतला दुपारी एक वाजता उतरतो, तर उलट दिशेने दोनला निघालेला संध्याकाळी सातला पोहोचतो. नुसता 'दीड तास' वाचून जोडविमानाचे तिकीट काढणाऱ्याची यात चांगलीच फसगत होईल.

यापुढे अशा चौकटींत हवाई अंतरासोबत थेट सेवा आहे किंवा नाही, असल्यास कोणत्या महिन्यांत व आठवड्यातून किती वेळा, आणि वेळ स्थानिक घड्याळानुसार की प्रत्यक्ष उड्डाणाची, एवढा तपशील छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली