ड्रिल मशीनच्या आधी बॅटरी बघा, आणि सरकारनेही बघावं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सणाच्या सेलमध्ये कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, ड्रिलच्या जाहिराती सगळीकडे असतात, दोन बॅटऱ्या, चार्जर, वर बिटांची पेटी फुकट, आणि लोक किंमत बघून घेऊन टाकतात. मी फर्निचर फिटिंगच्या कामात आहे, त्यामुळे नवीन पोरं विचारतात दादा कुठलं मशीन घेऊ, तर मी त्यांनाच विचारतो की पुढे काय काय घेणारेस? कारण ड्रिलवर कोणी थांबत नाही, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, ग्राइंडर लागतो, जिगसॉ, ब्लोअर, आणि हे सगळं एकाच बॅटरीवर चालणार असेल तर पुढचं प्रत्येक मशीन नुसती बॉडी घेता येते आणि बॅटरी-चार्जरचा खर्च वाचतो. स्वस्त सेट देणाऱ्या कंपनीकडे ग्राइंडरच नसेल तर तिथेच अडकलात.

दुकानात व्होल्टच्या आकड्यावरून फार गोंधळ होतो. एका डब्यावर 18, दुसऱ्यावर 20, तिसऱ्यावर 21, आणि गिऱ्हाइकाला वाटतं 21 वालं दणकट. आत बहुतेक वेळा तेच 5 लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचे सरासरी 3.6 व्होल्ट धरले तर 18 होतात, फुल चार्जचे 4.2 धरले तर 21. डीवॉल्ट कंपनीचं अमेरिकेतलं 20 व्होल्ट मॅक्स आणि युरोपातलं 18 व्होल्ट हेही असंच, फरक फक्त लेबलचा. त्यापेक्षा अँपिअर-तास बघा, त्याला व्होल्टने गुणलं की वॉट-तास, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते ते कळतं. 18 व्होल्टची 4 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 72 वॉट-तास, 2 वाली म्हणजे त्याच्या निम्मी. स्क्रू मारायला 2 वाली हलकी आणि बरी पडते, पण तीच ग्राइंडरला लावून लोखंड कापायला घेतलं की काही मिनिटांत बसते.

आणि कंपनी एक म्हणजे बॅटरी एक असंही नाही हो. बॉशची घरगुती हिरवी मशीनं आणि कामगारांची निळी, दोन्ही 18 व्होल्ट, तरी बॅटरी एकमेकांना बसत नाही. मकिटाची 18 व्होल्टची एलएक्सटी बॅटरी त्यांच्याच 40 व्होल्टच्या एक्सजीटी मशीनला चालत नाही, आणि 18 व्होल्टमध्येच त्यांची स्वस्तातली जी-सीरिज वेगळी. हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून पुढचं मशीन घेताना जुनी बॅटरी खिशात घालून जा आणि काउंटरवरच लावून बघा.

यातूनच मग डुप्लिकेट बॅटऱ्यांचा धंदा चालतो. वर 6 अँपिअर-तास छापलेलं, आणि हातात घेतली तर कंपनीच्या 2 वालीएवढीच हलकी! जास्त साठवायचं तर सेल जास्त लागतात किंवा मोठे लागतात, वजन वाढल्याशिवाय ते होत नाही. दुसऱ्या कंपनीची बॅटरी जोडायचे प्लास्टिकचे अडॅप्टरही ऑनलाइन मिळतात, पण काही कंपन्यांमध्ये बॅटरी फार उतरली की बंद करायची सोय मशीनमध्ये असते, बॅटरीत नसते, मग अडॅप्टर लावल्यावर ती थांबत नाही, सेल खराब होतात, आणि असा सेल परत चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे. बरीच पोरं साइटवरच झोपतात आणि चार्जर रात्रभर उशाशी चालू असतो, याची मला खरंच काळजी वाटते.

कंपन्या म्हणतात प्रत्येकाची सिस्टीम वेगळी, एकत्र करणं जमत नाही. पण जर्मनीत मेटाबोने 2018 मध्ये कॉर्डलेस अलायन्स सिस्टीम काढली, त्यात लाकूडकामाची माफेल आणि प्लंबिंगची रोथेनबर्गर अशा कंपन्या एकच बॅटरी वापरतात. बॉशच्या अँपशेअर या तशाच सिस्टीममध्ये फाइनसारखी दुसरी कंपनी आली. म्हणजे मनात आणलं तर जमतं की. फक्त हे त्यांच्या सोयीने, त्यांना हवं त्याच्याशी.

युरोपने डिसेंबर 2024 पासून नवीन मोबाइलना एकच टाइप-सी चार्जर सक्तीचा केला. आपल्याकडे 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या घेतल्या, सुताराची, फॅब्रिकेटरची, इलेक्ट्रिशियनची हत्यारं मात्र वेगळी धरलीच नाहीत. ती घ्यावीत. भारतीय मानक ब्युरोने 18 व्होल्टच्या बॅटरीचा साचा आणि कनेक्टर ठरवून द्यावा, आणि तोपर्यंत निदान डब्यावर मराठीत ठळक लिहायची सक्ती करावी की ही बॅटरी कोणकोणत्या मशीनला चालते आणि आत खरे वॉट-तास किती. मशीन चांगलं असतं पण त्याची बॅटरी मिळायची बंद होते, म्हणून ते भंगारात जातं, आणि ज्याने हप्त्यावर घेतलंय त्याचे हप्ते चालूच राहतात. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली