पक्या, तुझ्या ट्रॅकवरून स्केप्टा आठवला

प्रिय पक्या,

तुझा ट्रॅक ऐकला, दोनदा ऐकला. बीट एक नंबर झालंय, पण लेका कोल्हापुरात बसून तू अमेरिकेतल्या पोरासारखा का बोलतोयस? मध्ये आठ ओळी तू तुझ्या नेहमीच्या बोलण्यात म्हटल्यास ना, तेवढ्याच मला आवडल्या, बाकीचं ऐकताना कोण बोलतंय तेच कळेना. फोनवर हे बोललो असतो तर आपलं वाजलं असतं, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. आणि उगाच लेक्चर नको म्हणून एका माणसाबद्दल सांगतो, स्केप्टा. ग्राइमवाला, म्हणजे लंडनच्या गल्लीतलं ते फास्ट रॅप.

खरं नाव जोसेफ अडेनुगा, 1982 चा जन्म, नॉर्थ लंडनमधल्या टॉटनहॅमचा. आईबाप नायजेरियातून आलेले, योरुबा. चार भावंडं आणि चौघंही थोडंफार म्युझिकच्याच नादाला लागलेली. धाकटा भाऊ जेएमई रॅपर, बहीण ज्युली रेडिओवर, पुढे 2015 ला अॅपलने जगभरचा रेडिओ काढला तेव्हा पहिल्या तीन मुख्य आवाजांत ती एक होती. एकाच घरातून एवढं निघालं म्हणजे त्या आईबापांनी घरात काय काय आवाज सहन केला असेल विचार कर.

हा आधी डीजे होता बरं का, माइक नंतर हातात आला. आणि शिकला कुठे तर पायरेट रेडिओवर. ते प्रकरण तुला माहीत पाहिजे. दोन हजारच्या आसपास लंडनमध्ये पोरं उंच सरकारी बिल्डिंगच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायची आणि कुठल्यातरी फ्लॅटच्या खोलीतून स्टेशन चालवायची, लायसन्स वगैरे काही नाही, सरकारी माणसं येऊन ट्रान्समीटर उचलून न्यायची की हे पुन्हा दुसरा लावायचे. खोलीत एक डीजे आणि दहा-बारा पोरं, माइक हातोहात फिरतोय, मिनिटाला 140 च्या स्पीडने बीट चाललंय, आणि ऐकणारे स्टुडिओच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचे! हो, आपल्यासारखेच मिस्ड कॉल. ओळ आवडली की फोन वाजायला लागायचा आणि डीजे रेकॉर्ड मागे ओढून गाणं परत पहिल्यापासून लावायचा. तिथं दुसऱ्या कुणाचा अॅक्सेंट मारून भागत नव्हतं रे, कारण ऐकणारी सगळी पोरं त्याच गल्लीतली, त्यांना लगेच कळणार. म्हणून ग्राइममध्ये लंडनच्या रस्त्यावरचीच भाषा आली, जमैकन, आफ्रिकन, ईस्ट एंडची, सगळी मिसळून.

2005 ला दोघा भावांनी बॉय बेटर नो काढलं, स्वतःचंच लेबल, टीशर्टसुद्धा स्वतःच विकायचे. 2006 ची एक डीव्हीडी आहे, जॅमर नावाच्या एमसीच्या, म्हणजे माइकवर रॅप करणाऱ्याच्या, घरातलं तळघर, भिंतींवर पोरांनी खरडलेलं, त्यात स्केप्टा आणि बर्मिंगहॅमचा डेव्हिलमॅन समोरासमोर उभे राहून रॅपमध्ये एकमेकांची इज्जत उतरवतायत. तोंडाला तोंड देत, अगदी दोन फुटांवर. ते जरूर बघ, अजूनही लोक त्यात कोण जिंकलं यावर भांडतात (माझ्या मते स्केप्टाच, पण डेव्हिलमॅनने चांगलाच घाम काढला).

आता मेन पॉइंट. यानंतर साहेबांना चार्टची हाव सुटली. तोवर डिझी रास्कल वगैरे ग्राइममधलीच पोरं पॉपकडे वळून नंबर वन झाली होती, मग यालाही वाटलं आपणही क्लबची गाणी करू, गोडगोड कोरस टाकू. 2010-11 ची ती गाणी मी ऐकलीत, वाईट आहेत असं नाही, पण कुणाचीही असू शकली असती. थोडीफार चालली, पण मोठा स्टार काही झाला नाही आणि जुनी पोरंही लांब गेली. मग यूट्यूबवर कॅमेऱ्यासमोर बसून बराच वेळ नुसतं मन मोकळं केलेला एक व्हिडिओ त्याने टाकला, गाणं नाही बीट नाही, माणूस आतून हललेला दिसतो.

आणि 2014 ला आलं दॅट्स नॉट मी. भावाला बरोबर घेऊन, दहा वर्षांपूर्वीच्या ग्राइमचा तो थंड सिंथचा आवाज, बीट स्वतःचंच, आणि सांगतोय काय तर महागडे ब्रँडेड कपडे कचऱ्यात टाकले, तो मी नव्हेच. व्हिडिओ जुन्या टीव्हीसारखा खरखरीत, खर्च 80 पौंड. पक्या, ऐंशी! त्याच व्हिडिओला त्या वर्षी मोबो अवॉर्ड, म्हणजे ब्रिटनमधलं काळ्या लोकांच्या म्युझिकचं अवॉर्ड, मिळालं, आणि स्टेजवर जाऊन त्याने हा आकडा सगळ्यांना सांगितला. तुझा तो व्हिडिओवाला पोरगा साठ हजार मागतोय म्हणालास ना? जरा थांब मग.

पुढचं सगळं भराभर झालं. 2015 च्या ब्रिट अवॉर्ड्सला, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या म्युझिक अवॉर्ड्सला, अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने स्टेजवर ग्राइमची अख्खी फौज आणली, काळे कपडे, मागे आगीचे लोळ, त्यात स्केप्टा. घरी टीव्हीसमोर बसलेल्या काही लोकांना भीती वाटली म्हणे. याने आपल्या शटडाउन गाण्याच्या मध्येच तशी तक्रार करणाऱ्या बाईचा आवाज टाकून दिला, मला तर ते गाण्याहून जास्त आवडतं. हसण्यावारी नेलं त्याने, पण प्रकार तसा हसण्यासारखा नव्हता, कारण लंडन पोलिसांचा फॉर्म 696 म्हणून एक कागद होता, कार्यक्रम करायचा तर गाणाऱ्यांची नावं पत्ते सगळं आधी द्या, सुरुवातीला तर कुठलं म्युझिक आणि कुठल्या वंशाचे लोक येणार हेही त्यात विचारायचे. ग्राइमचे किती शो त्यापायी रद्द झाले. तो कागद गेला 2017 ला, म्हणजे हा एवढा मोठा झाल्यावर!

2016 ला कोनिचिवा हा अल्बम आला, स्वतःच्याच लेबलवर, आणि मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या बेस्ट अल्बमचं बक्षीस, घेऊन गेला. समोर रेडिओहेडसारखा मोठा रॉक बँड होता, नुकताच गेलेला रॉकस्टार डेव्हिड बोवी होता, सगळ्यांना वाटत होतं बोवीलाच मिळणार. हा आईबापांना घेऊन स्टेजवर गेला. त्या क्लिपमध्ये त्याची आई बघ, बाकी कुणाकडे बघू नकोस.

नंतर राणीच्या नावाची एमबीई पदवी नाकारल्याचं त्याने गाण्यातच सांगितलं, आणि 2018 ला नायजेरियात वडिलांकडच्या गावाने त्याला चीफ केलं ते मात्र पारंपरिक कपडे घालून मान वाकवून घेतलं. 2019 चा अल्बम मला तितका नाही आवडला, जरा आरामात बसून केल्यासारखा वाटतो.

आता तू असं कर. आधी ती तळघराची डीव्हीडी, मग दॅट्स नॉट मी, मग कोनिचिवा पूर्ण, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, तुझ्या त्या मोठ्या स्पीकरवर, शेजारचे ओरडले तर ओरडू देत. मग तुझ्या ट्रॅकमधल्या त्या आठ ओळी तेवढ्या ठेव आणि बाकीचं नव्याने लिही, रंकाळ्यावर बसून आपण जसं बोलतो तसंच. शिव्या लागल्या तर घाल, फक्त काकूंना ऐकवू नकोस. झालं की आधी मला पाठव, ग्रुपवर टाकू नकोस, तिथं सगळे नुसतं आगीचं इमोजी टाकतात.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
निख्या