खोकल्याचं विचारणार नव्हतो

वाई
अनंत चतुर्दशी

चि. शुभा हिस अनेक आशीर्वाद.

गौरी विसर्जनाच्या रात्री तू न जेवता साडेदहाची एस.टी. पकडलीस. आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग बोलली ती एवढंच, की "पोरीचा खोकला ऐकलात का?" ऐकला होता. माडीवरून दोन्ही रात्री ऐकू येत होता. पण या पत्रात त्याबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो.

तू तुमच्या बेघरांच्या कामातल्या त्या माणसाचं सांगत होतीस. क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या, सहा महिन्यांपैकी तीन झाले होते, आणि फुटपाथ साफ करणाऱ्यांनी बोचकं उचललं त्यात गोळ्याही गेल्या. आठ दिवसांनी तुम्हाला सापडला तोवर औषध तुटलेलं. मी म्हणालो, गोळ्या खिशात ठेवायला काय झालं होतं त्याला? तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही त्या गाडीवर असायचात."

असायचो. अकरा वर्षं. अतिक्रमण हटवायच्या गाडीवरचा कारकून म्हणजे काय, मजूर सामान उचलणार आणि मी लिहिणार. पातेली तीन, स्टोव्ह एक, ताडपत्री एक, बोचकं एक. बोचकं सोडून आतलं लिहायची पद्धत नव्हती, आणि नेमकं तिथेच सगळं असायचं. रेशनकार्ड, पोराचा जन्मदाखला, दवाखान्याचा केसपेपर, दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून वर सुतळी. ते गोदामात जायचं. आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचंच दुसरं खातं त्याच बाईला विचारायचं, कागदपत्रं कुठे आहेत? मी दोन्ही मजल्यांवर नोकरी केली आहे गं. खाली होतो तेव्हा वर काय विचारतात ते माहीत नव्हतं, आणि वर गेल्यावर खाली काय उचलतात ते माझ्या डोक्यातून गेलं. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी "त्याच पगारावर शिकलीस" असं बोललो. ते तोंडून जायला नको होतं.

एक गोष्ट आईलाही कधी नीट सांगितली नाही. वरच्या मजल्यावर असताना एक बाई आली. म्हणाली, साहेब, चार वर्षांमागं माझं सामान नेलं होतं, त्याची नक्कल पाहिजे. मला वाटलं सामान मागायला आली. तसं नव्हतं. घरांच्या यादीत नाव लावायला ती त्या जागी किती वर्षं राहते याचा पुरावा हवा होता, आणि तिच्याजवळ काहीच नव्हतं. जुनी वही काढली. पत्त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "लोखंडवाल्याच्या दुकानासमोर, पिंपळाखाली." त्या बाईला पत्ता होता असं सांगणारा सरकारदरबारचा तेवढाच कागद, आणि तोही तिला उठवल्याचा. नक्कल दिली. ती पाया पडायला लागली तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो.

तेव्हा तुझ्या लोकांना सांग, जप्तीची पावती, दंडाची पावती, काही फेकू नका. आणि तुमच्याकडे बोचक्यांसाठी कुलपाच्या पेट्या आहेत का? निवाऱ्यात झोपायला नाही आला तरी चालेल, कागद आणि गोळ्या तिथे ठेवून जाईल असं काही करता येतं का बघा. तुम्ही विचार केलाच असेल.

तुझ्या टेबलावरचं ते कोर्टाच्या निकालांचं पुस्तक मी दिवाळीत वाचून काढलं. १९८१ सालच्या ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हलवायला निघाले, त्यावरून ओल्गा टेलिस प्रकरण उभं राहिलं, निकाल लागला जुलै १९८५ मध्ये. आम्हाला खात्यात त्यातलं एकच शिकवलं होतं, नोटीस दिली की हटवता येतं. पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असंही त्याच निकालात लिहिलंय, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. कळूनही त्या वेळी काय केलं असतं कोण जाणे. दादा तेव्हा इंजिनिअरिंगला होता.

तू हिशेब सांगितलास तो मी कॅलेंडरच्या मागे मांडून पाहिला. लाख वस्तीला एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट. मुंबई २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे. त्याच्या जवळपासही नाहीत हे तूच म्हणालीस. आणि आहेत तिथे बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मग चौघांचं कुटुंब फुटपाथच बरा म्हणतं. दादरच्या फुलबाजारात पहाटे पाट्या वाहणारा माणूस कुठल्या लांबच्या निवाऱ्यात कशाला जाईल? काम चारला सुरू होतं. हे मला पटलं. मी उगाच वाद घातला.

त्या जनगणनेला बेघर मोजायची रात्र होती २८ फेब्रुवारी. माझी ड्यूटी स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर. तू नववीत होतीस, बॅटरीचे सेल तूच घालून दिलेस. एका चादरीखालून चार पाय दिसत होते, उठवायचं जिवावर आलं, मी दोन माणसं लिहिली. गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा मागे बाळ रडलं. परत गेलो नाही. पाय दुखत होते, शिवाय कागदावर खाडाखोड करायची नाही अशी सक्त ताकीद. मुंबईचा आकडा सत्तावन्न हजारांच्या वर आला असं तू म्हणालीस आणि "पण खरे किती तरी जास्त आहेत" असंही म्हणालीस, तेव्हा मी पान लावत बसलो होतो. मला ते बाळ आठवत होतं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवता ना तुम्ही लोकांना? तुझा आषाढीपासून आहे. त्या माणसाबरोबर तू दवाखान्याच्या बाकावर रात्र काढलीस, हेही तूच सांगितलंस, जेवताना, सहज. दवाखाना म्हणतो खाट रिकामी करा, निवारा म्हणतो स्वतःचं स्वतः करता येत नाही त्याला ठेवत नाही, पोलीस म्हणतात हा आमचा विषय नाही, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर. प्रत्येकाचं काम आपापल्या रजिस्टरपाशी संपतं, तुझं कुठे संपतं? मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रारच आहे म्हण.

कामाचं एक सांगतो, छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. तोंडी काही करू नकोस. कचेरीत तोंडी सांगितलेलं घडलेलंच नसतं. दवाखान्याला पत्र, वॉर्डाला पत्र, पोलीस ठाण्याला प्रत, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची, आवक क्रमांकासह. कार्यवाहीच्या आधी यादी मागून घे, उद्या कुठल्या रस्त्यावर गाडी जाणार ते आदल्या दिवशी गाडीवरच्या कारकुनाला माहीत असतं, साहेबाला नसेल एखादे वेळी. त्याच्याशी भांडू नकोस. चहा पाज. त्याला घरी दोन पोरं असतील. वरिष्ठांसमोर आवाज चढवू नये, मीटिंगला उशिरा जाऊ नये, केस नीट विंचरून

बघ, पुन्हा सुरू झालं. क्षमा कर. सत्तावीस वर्षांच्या मुलीला केस विंचरायला सांगतोय.

वाचनालयात परवा बापटांनी विचारलं, मुलगी काय करते? आधी मी "समाजकार्य" म्हणून सोडून देत असे. या वेळी बसलो सांगत, निवारे काय, सर्वे काय, रात्रीच्या फेऱ्या काय. अर्धा तास गेला. बापट म्हणाले, मग पगार? मी म्हणालो, आहे. किती ते विचारू दिलं नाही.

खालच्या घराचा निकाल दिवाळीनंतर लागेल असं वकील म्हणतो. आक्काचा गुडघा तसाच. आईने आल्याच्या वड्या पाठवल्यात, कुरिअरवाल्याने उद्याचं सांगितलंय. निवाऱ्यात वाटशील हे तिला माहीत आहे, म्हणून डबे दोन आहेत. लहान डबा तुझा.

एक्स-रे काढून घे. थुंकीही दे. मला रिपोर्ट कळत नाही, पण फोटो पाठव, आमच्या पेठेतल्या डॉक्टरांना दाखवतो. तारखेचा दिसेल असा काढ.

तुझा
बाबा

ता. क. रात्री फिरताना तोंडाला रुमाल नव्हे, मास्क. रुमालाने काही होत नाही.