वचन छापा, पण ते कोण कोणाला म्हणाले तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रातल्या सुविचाराच्या चौकटीत, शुभेच्छापत्रांवर आणि सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत बायबलमधली वचने हल्ली बरीच दिसतात. ती वाचली जातात याचा मला आनंद आहे. पण बहुतेक ठिकाणी वचन एकटेच असते आणि खाली फक्त ‘बायबल’ एवढेच लिहिलेले असते. ते कोण बोलले, कोणाला बोलले, आधी काय घडले होते, याचा पत्ताच नसतो. ही उणीव किरकोळ नाही, म्हणून हे पत्र.

नवा उद्योग सुरू करणाऱ्याला हमखास पाठवले जाणारे एक वचन घ्या. ‘तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट मोठा होईल’, अशा अर्थाचे ते आहे. ईयोबाच्या पुस्तकातील आठव्या अध्यायाचे हे सातवे वचन. वाचणाऱ्याला वाटते, देवानेच हा शब्द दिला. प्रत्यक्षात हे बोल आहेत ईयोबाचा मित्र बिल्दद याचे. ईयोबाची दहाही मुले एकाच दिवशी घर कोसळून मेली आहेत, अंगभर फोड आले आहेत, तो राखेत बसला आहे, आणि बिल्दद त्याला सुनावतो आहे. याच भाषणात तीन वचने आधी तो म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ भोगायला लावले. पोटची मुले गमावलेल्या बापाला! त्यानंतर तो सांगतो, तू शुद्ध आणि सरळ असशील तर देव तुझे बरे करील, आणि मग ते ‘शेवट मोठा होईल’ येते. म्हणजे हा आशीर्वाद नाही, आरोपाच्या शेपटीला बांधलेले आमिष आहे. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव अलीफज या ईयोबाच्या दुसऱ्या मित्राला स्पष्ट बजावतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. कोणी म्हणेल, ईयोबाची भरभराट तर शेवटी झालीच. झाली, पण बिल्ददचा हिशेब बरोबर होता म्हणून नव्हे. दुःख म्हणजे पापाची शिक्षाच, हा जो हिशेब मित्रांनी मांडला, तो मोडून काढण्यासाठीच हे पुस्तक आहे. आणि आपण नेमके त्या हिशेबातले एक वाक्य उचलून शुभेच्छा म्हणून देतो.

दुसरे उदाहरण आणखी परिचित आहे. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर सांगतो ते यिर्मया २९:११. मुळात ही एका पत्रातली ओळ आहे. इसवी सनपूर्व ५९७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून राजा, दरबारी आणि कारागीर बाबेलला पकडून नेले. त्या बंदिवानांना यिर्मया या संदेष्ट्याने हे पत्र धाडले. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात, सगळ्या लोकांदेखत, यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडतो आणि जाहीर करतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया मात्र उलट लिहितो: तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कारण परतीला सत्तर वर्षे लागणार आहेत. ते सत्तर वर्षांचे वाक्य दहाव्या वचनात आहे, लाडक्या अकराव्याच्या अगदी डोक्यावर. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना आपण यरुशलेम पुन्हा पाहणार नाही हे त्यातूनच कळले असणार.

माझ्या एका मैत्रिणीचे आजारपण लांबत गेले, तेव्हा हेच वचन तिला अनेकांनी पाठवले. हेतू चांगलाच होता. पण महिने उलटले, आराम पडेना, तशी ती स्वतःलाच दोष देऊ लागली. आपला विश्वासच कमी पडतो, नाहीतर देवाने शब्द पाळला असता, असे तिला वाटू लागले. पुढे आम्ही तो अख्खा अध्याय मोठ्याने वाचला. सत्तर वर्षांपाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे हे लगेच बरे होण्याचे वचन नव्हतेच.’ त्या दिवसापासून तिने स्वतःला दोष देणे सोडले. कोणी सुटी ओळ हातात दिली की माणूस तिच्यात आपल्याला हवा तो अर्थ भरतो, आणि तो खोटा ठरला की मार त्याच्या श्रद्धेला बसतो. म्हणून अशा गोड वचनांची मला जास्त काळजी वाटते. कठोर वचन वाचून निदान माणूस दचकतो, शोधाशोध तरी करतो.

संदर्भ तोडण्याचे काम मुद्दाम, ठरवूनही झाले आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतील गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. इजिप्तमध्ये विकला गेलेला योसेफ त्यात होता. पण इस्राएल लोक गुलामीतून सुटून बाहेर पडले, ती निर्गम या पुस्तकातली कथाच गाळली होती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा प्रेषित पौलाचा उपदेश ठेवला होता. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातले त्याचेच वाक्य काढले होते. छापलेले शब्द बायबलमधलेच होते. मळेवाल्यांना हवे होते तेवढेच ठेवले होते, इतकेच.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, साध्या भाविकाला इतिहासाचे ओझे कशाला, श्रद्धा पुरे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतानच येशूला मंदिराच्या कड्यावर नेऊन एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातले वचन ऐकवतो, जवळजवळ जसेच्या तसे. येशू त्याला ‘असेही लिहिले आहे’ म्हणून ‘अनुवाद’ नावाच्या बायबलमधल्याच पुस्तकातले दुसरे वचन ऐकवतो. एका वचनाला दुसरे लावून वाचणे हे पंडितांचे खूळ नव्हे, ते तिथे येशू स्वतः करतो आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘संदर्भ बघा’ म्हणत लोक अवघड वचनांची धार बोथट करतात. हे होते, मान्य. पण यिर्मयाच्या बाबतीत संदर्भाने सोपेपणा दिला की हिरावला? खरा संदर्भ बरेचदा वचन आपल्यासाठी अधिक जड करतो. ‘दोष काढू नका’ हे मत्तय ७:१ सगळ्यांच्या तोंडी असते. पाचव्या वचनात आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढून मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला सांगितले आहे. म्हणजे गप्प बसायची मुभा नाही, आधी स्वतःला तपासायचे आहे.

वचनांचे आकडेही मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या करारातले आजचे क्रमांक छापखानदार रोबेर एस्तिएन यांच्या १५५१ च्या आवृत्तीपासूनचे आहेत. पौलाची पत्रे मंडळीत एका बैठकीत वाचून दाखवण्यासाठी होती. फिलिप्पैकरांस पत्र तर सलग वाचायला वीस मिनिटेही लागत नाहीत.

माझी विनंती छोटी आहे. आपल्या दैनिकात बायबलमधले वचन छापाल तेव्हा अध्याय आणि वचन द्या, आणि एका ओळीत बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे नाव द्या. ‘ईयोब ८:७, बिल्दद, शोकात बसलेल्या ईयोबाला’ एवढे पुरे. जागा कमी असेल तर वचन लहान निवडा, पण ही ओळ गाळू नका.

आपला,
एक नियमित वाचक